आमची लाइन

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने इतिहास लिहू नये, असा काही कायदा नाही. असता तर मी तो मुकाट्याने पाळला असता. बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस कायद्याला एक वेळ भिणार नाही, पण परिपत्रकाला भितो. आणि इतिहास म्हणजे तरी काय हो? मागच्या तारखांच्या नोंदी! मागच्या तारखांच्या नोंदी जुळवण्यातच तर आमची उमेदीची वर्षं गेली. तेव्हा पानिपत आणि पुरंदर मातब्बर मंडळींकडे सोडून मी एका शब्दाचा इतिहास मांडायचं ठरवलं आहे. शब्द इंग्रजी आहे, आणि पेणपासून रोह्यापर्यंत तो कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. तो शब्द म्हणजे ‘लाइन’.

मी राहतो पेणला आणि नोकरी करतो रोह्याला. सकाळी डोळा उघडतो तोच आमची ही विचारते, “लाइन आहे का बघा हो, टाकीत पाणी चढवायचंय.” ही विजेची लाइन. स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीशी उभा राहतो, ती माणसांची लाइन. गाडी धावते ती दिवा-रोहा लाइन. डब्यात शेजारचा गृहस्थ मुलासाठी स्थळ शोधत असतो आणि विचारतो, “मुलगी कुठल्या लाइनीत आहे?” म्हणजे शिक्षणाच्या. मागच्या बाकावरची कॉलेजची पोरं कोण कुणाला लाइन मारतो ह्याची चर्चा करत असतात. बँकेत पाय ठेवतो न ठेवतो तोच धाटावकडचा एखादा खातेदार दारातच अडवतो, “सायेब, लायन हाय का? का परत जाऊ?” ही लाइन कॉम्प्युटरची. म्हणजे साडेदहा वाजायच्या आत एकाच शब्दाने सहा खाती उघडलेली असतात, आणि एकाही खात्याला केवायसी नाही!

कुळ विचारावं तर हे घराणं फार जुनं निघतं. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. तेच आपलं, ज्याची चटणी करतात. जवसाच्या झाडाच्या धाग्यापासून जी दोरी होते ती ‘लिनिआ’, आणि तिची झाली ‘लाइन’. लिननचं कापड आणि सुताराकडचं लिनसीडचं तेल ही तिची सख्खी भावंडं. म्हणजे लाइन ही मुळात दोरी. ही गोष्ट इंग्रज विसरला, पण आमच्या घराचं बांधकाम चालू असताना गवंड्याने ती मला न शिकता सांगितली. वीट लावायच्या आधी तो पोऱ्यावर ओरडला, “अरे, लाइनदोरी आण!” लाइनदोरी म्हणजे दोरीदोरी. पोर्तुगीजांच्या पावाला आपली रोटी जोडून आपण पावरोटी केली, त्यातलाच हा प्रकार. परका शब्द एकटा घरात घ्यायचा म्हणजे आपल्याला धीर होत नाही. सोबतीला घरचा एक लागतो.

बरं, मराठीला ह्या शब्दाची गरज होती असंही नाही. कवितेची ओळ होती, मुंग्यांची रांग होती, पाटीवरची रेघ होती, तळहातावरची रेषा होती, जेवणाऱ्यांची पंगत होती. विजेला आणि संदेशाला तार होती. प्रत्येकाची शाखा वेगळी आणि कारभार वेगळा. ‘लाइन’ने येऊन ह्या सगळ्यांचं विलीनीकरण केलं. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या तेव्हा आम्ही कर्मचारी केवढे हळहळलो! इथे अर्धा डझन शब्द एकात बुडाले, तर साधा निषेधाचा काळा बिल्लासुद्धा कुणी लावला नाही.

ही बाई आपल्याकडे शिरली बहुधा पलटणीबरोबर. शिपायांच्या बराकी एका रांगेत असत, त्यांना साहेब ‘लाइन्स’ म्हणे. मुंबईच्या मरीन लाइन्सचं नाव मरीन बटालियनच्या वस्तीवरून पडलं. नागपूरला सिव्हिल लाइन्स आहे आणि पोलीस लाइन तर तालुक्या-तालुक्याला आहे. आमच्याकडे पोलीस लाइनीतला मुलगा म्हटलं की वर्गातली पोरं त्याच्याशी भांडताना दोनदा विचार करत. तो बिचारा बहुधा सगळ्यांत भित्रा असे, पण लाइनीचं वजन!

त्यानंतर आली विजेची लाइन, पण ती आली असं म्हणणं बरोबर नाही. ती गेली. कोलाडच्या वरच्या अंगाला भिऱ्याचं टाटांचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. मुळशीचं पाणी घाट उतरून तिथे येतं, चक्रं फिरवतं आणि पुढे कुंडलिकेतून रोह्याला जातं. त्या धरणाखाली जमिनी गेलेल्या मावळ्यांसाठी सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, तुरुंगही भोगला. वीज तयार झाली ती थेट मुंबईला निघाली. पाणी आमच्या दारावरून, तारा आमच्या डोक्यावरून, आणि घरात मात्र रॉकेलची चिमणी! आमचे आजोबा म्हणत, “लाइन बघायची असेल तर मान वर करायची आणि उजेड बघायचा असेल तर मुंबईला जायचं.” विजेला ‘लाइन’ म्हणायची सवय इथे का रुजली, ह्याचं उत्तर मला त्या वाक्यात सापडतं. उजेड पुष्कळ दिवस दिसला नाही. दिसत होती ती फक्त लाइन.

माणसांच्या लाइनीचा इतिहास मात्र पोटाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली मुंबईत रेशनिंग आलं आणि सभ्य माणसं दुकानापुढे एकामागे एक उभी राहायला शिकली. शिकलेली माणसं तेव्हा त्याला ‘क्यू’ म्हणत. पुढे ‘क्यू’ वारला. का वारला ते उघड आहे. क्यू लागत नाही, क्यूला लागत नाही, क्यू मोडत नाही आणि क्यूमध्ये घुसता येत नाही. लाइनीचं तसं नाही. लाइन लागते, लाइन मोडते, लाइनीत घुसता येतं, आणि घुसणाऱ्याला “ओ, लाइनीत या!” असं म्हणता येतं. इतकी सोय ज्या शब्दात आहे तोच टिकणार. रेशन कार्डांना महाराष्ट्रात १९९९ पासून तीन रंग आले. दारिद्र्यरेषेखालच्याला पिवळं, मधल्याला केशरी आणि वरच्याला पांढरं. सरकार ‘रेषा’ म्हणतं, माणसं ‘लाइन’ म्हणतात. धान्याच्या लाइनीत उभं राहायचं तर आधी लाइनीखाली असावं लागतं, हे एका आजीने मला पासबुक भरता भरता समजावलं होतं, आणि अर्थशास्त्राच्या दोन पेपरांत मला ते कुणी शिकवलं नव्हतं.

पंगतीचंही तेच झालं. पंगतीत माणूस बसायचा आणि वाढपी त्याच्यापुढे वाकायचा. बुफे आल्यापासून माणूस रिकामी ताटली घेऊन लाइनीत उभा राहतो आणि वाढपी टेबलामागे ताठ असतो. नवऱ्या मुलीचा मामासुद्धा! आता जिलबीसाठी मामाला लाइनीत उभं राहावं लागत असेल, तर आग्रह कुणी कुणाला करायचा?

त्याच १९४३ साली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी पहिला भारतीय माणूस बसला, तो आमच्या रोह्याच्या देशमुखांच्या घराण्यातला. सी. डी. म्हणजे चिंतामणराव देशमुख. मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग आयसीएस, मग रिझर्व्ह बँक, मग देशाचे अर्थमंत्री. आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून ते पदही सोडलं. मधल्या वेळात ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद! हा गृहस्थ नेमका कुठल्या लाइनीतला, हे कुणी सांगावं? आणि आम्ही? चिंतामणरावांची सही नोटेवर असे, आमची नोट मोजल्याच्या पावतीवर असते. तरी लग्नाच्या बैठकीत आमच्या काकांनी ठणकावून सांगितलं होतं, “मुलगा बँकेच्या लाइनीत आहे. रोह्याच्या देशमुखांच्याच लाइनीत म्हणा ना!” सासरे त्या वाक्यावर भाळले. गव्हर्नर आणि क्लार्क ह्यांना एकाच दोरीत ओवण्याची ताकद दुसऱ्या कुठल्या शब्दात आहे?

पण पेण-रोह्यात नुसतं ‘लाइन’ म्हटलं की जुन्या माणसाच्या डोळ्यांपुढे येते ती रेल्वे. देशातली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. दिवा-पनवेल लाइन झाली १९६४ साली, आपट्यापर्यंत ती दोन वर्षांत सरकली आणि रोह्याला पोचली १९८६ मध्ये. म्हणजे आगगाडीला ठाण्याहून रोह्याला यायला १३३ वर्षं लागली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. वर्षाला एक किलोमीटरसुद्धा पडत नाही! आमच्याकडे थकलेल्या कर्जाची वसुलीही ह्यापेक्षा वेगाने होते.

तोवर इथली माणसं काय करत होती? जमेल तिथे लाल डब्याने जात होती आणि त्याआधी दर्यावरून जात होती. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्य महिन्यावरही राहिलं नव्हतं तेव्हा, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आखाडातली अवस होती, कितीतरी जण सणाला घरी यायला निघाले होते. आमची आजी जोराचा पाऊस लागला की त्या बोटीचं नाव काढी आणि मग बराच वेळ काही बोलत नसे. लाइन यावी म्हणून कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या अर्ज का लिहीत होती, हे मला त्या गप्प बसण्यावरून कळलं. अ. ब. वालावलकरांनी कोकण रेल्वेच्या ध्यासात आयुष्य घातलं, बॅरिस्टर नाथ पै दिल्लीत तिच्यासाठी भांडले. शेवटी मधु दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, असा दुग्धशर्करायोग १९९० मध्ये जुळला. कोकण रेल्वेची कंपनी नोंदली गेली ती १९ जुलैला, म्हणजे १९६९ साली ज्या तारखेला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्याच तारखेला. ह्यात काही अर्थ आहे असं नाही, पण बँकेतल्या माणसाला तारीख जुळली की बरं वाटतं. १५ सप्टेंबर १९९० ला रोह्यालाच पायाभरणी झाली. ई. श्रीधरन ह्यांनी डोंगर पोखरले, कंपनीने रोख्यांतून पैसा उभा केला, १९९३ मध्ये गाडी रोह्याहून वीरपर्यंत गेली आणि २६ जानेवारी १९९८ ला सबंध मार्ग खुला झाला. सातशे चाळीस किलोमीटरच्या आसपासचं ते काम आठ वर्षांत. आमच्या वाट्याच्या शंभरांनी मात्र १३३ वर्षं खाल्ली होती!

मध्य रेल्वे जिथे संपते आणि कोकण रेल्वे जिथे सुरू होते ते रोहा. मी सहा वर्षांचा असताना वडिलांनी मला गाडी बघायला नेलं होतं. गर्दीत एक म्हातारे शेतकरी धोतराचा सोगा धरून उभे होते. वडिलांनी विचारलं, “काय बाबा, आली ना शेवटी लाइन?” ते म्हणाले, “आली तर. आपलं शेत पण लाइनीत गेलं.” आणि हसले. तेव्हा मला वाटलं, शेतसुद्धा गाडीत बसून कुठेतरी गेलं. आता बँकेत मोबदल्याचे चेक हाताळल्यावर ‘लाइनीत जाणं’ म्हणजे काय ते नीट कळतं. मुंबई-गोवा रस्त्याच्या रुंदीकरणात घरांच्या भिंतींवर रंगाच्या खुणा पडल्या, तेव्हा लोक पुन्हा तेच विचारत होते, “लाइन कुठून जाते?” तोंडाने लाइन म्हणत होते, नजर मात्र स्वतःच्या अंगणातल्या तुळशीकडे होती.

रेल्वेने आम्हाला आणखी एक रत्न दिलं. ‘लाइन क्लिअर’. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पुढच्या स्टेशनच्या मास्तराने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. जुन्या काळी त्याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हातात गोळा द्यायचे. ही इतकी गंभीर, माणसांच्या जिवाशी गाठ असलेली संज्ञा आमच्या पोरांनी उचलली कशासाठी? तर तिचे वडील घरात आहेत की बाजारात गेलेत ते मित्राला कळवण्यासाठी! अर्थ तसा बिनचूकच आहे. समोरासमोर गाठ पडली तर अपघात इथेही ठरलेला.

‘लाइन मारणे’ ह्या क्रियापदावर भाषापंडित नाक मुरडतात. मुरडोत. मराठी माणूस हाक मारतो, थाप मारतो, बुडी मारतो, मग लाइन मारली तर काय बिघडलं? मी तर त्याकडे हिशेबाच्या दृष्टीने बघतो. लाइन मारली ही एका बाजूची नोंद झाली. पलीकडून लाइन दिली तर दुहेरी नोंद पुरी होते आणि प्रकरण कार्यालय बुक करण्यापर्यंत जातं. नाही दिली तर रक्कम सस्पेन्स अकाउंटला पडून राहते. माझ्या माहितीतल्या काही रकमा पेणच्या एसटी स्टँडवर अजून तशाच पडून आहेत. आता त्यांना जावई आले.

ह्या सगळ्या लाइनींची सांगड मी एकदाच पाहिली, २०१६ च्या नोव्हेंबरात. ८ तारखेला रात्री आठ वाजता पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, ९ ला बँका बंद राहिल्या आणि १० ला आम्ही शटर उघडलं, तर लाइन रस्त्याच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती. पहाटेपासून माणसं उभी. ज्यांना उभं राहवेना त्यांनी जागेवर चपला ठेवल्या होत्या, दगड ठेवले होते, एकाने विळा ठेवला होता. विळ्याच्या पुढे घुसायची हिंमत कुणी केली नाही. नोटा बदलायची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार, मग दोन. पुढे बोटाला शाई लावायचा हुकूम आला. आम्ही रविवारीसुद्धा मोजत होतो.

त्या लाइनीत एक म्हातारी होती. पापड लाटून साठवलेल्या पाचशेच्या चार नोटा कापडाच्या पुरचुंडीत. ऊन चढलं तसं मी बाहेर जाऊन म्हटलं, “आजी, पुढे या, आत बसा.” ती म्हणाली, “नको रे पोरा. ही सगली माझ्याआधी आलीत. माझा नंबर लागला का येन.” आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. तिच्या मागे दहा-बारा माणसं सोडून एक म्हातारा उभा होता. तोही हट्टाने तिकडे तोंड करून. दोघांचेही नंबर लागले, दोघांनीही आपापली ओळखपत्रं दिली, आणि मी पाहतो तर पत्ता एकच! नवराबायको. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात एकमेकांपासून लपवलेले दोन-दोन हजार घेऊन एकाच लाइनीत तीन तास उभे राहिले, आणि एकमेकांना ओळख दिली नाही. मीही दिली नाही. खातेदाराच्या व्यवहाराची गुप्तता पाळणं हे आमच्या लाइनीत पहिलं कलम आहे. बाहेर पडल्यावर मात्र म्हाताऱ्याने तिच्यासाठी रसवंतीपाशी थांबून दोन ग्लास सांगितले, हे मी काचेतून पाहिलं. सुटे कुणी दिले ते दिसलं नाही.

त्यानंतर सगळं ‘ऑनलाइन’ झालं. त्याच आजीला मी एकदा म्हटलं, आता इथवर यायला नको, पैसे ऑनलाइन येतील. तिने विचारलं, “आनलाइन म्हंजे लायनीवरच रावाचं ना?” मी नाही म्हणालो. ती पटल्यासारखं मान हलवून निघून गेली आणि पुढच्या महिन्यात पेन्शनच्या तारखेला पहाटे सर्वांत आधी हजर! तिला घरबसल्या पैसे नको होते. लाइनीत तिला चार बाया भेटतात, सुना-नातवांचं बोलून होतं. ह्या खात्यावर व्याज किती पडतं त्याचा दर आमच्याकडे नाही.

आणि ऑनलाइनचं पाणी ३ जून २०२० ला जोखलं गेलं. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. माडापोफळींच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडले. वीज गेली, फोन गेला, नेट गेलं, वरून टाळेबंदी. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. सगळ्या लाइनी एकदम गेल्या तेव्हा शिल्लक राहिला तो फक्त लाइनमन. बाहेरच्या जिल्ह्यांतूनही आले होते ते. चिखलात खांब ओढत होते, तोंडाला मास्क, कमरेला पट्टा, आणि गावकरी चुलीवरचा भात त्यांना आधी वाढत होते. आमच्या आळीत संध्याकाळी एकदम घराघरांतून आरोळी उठली, “लाइन आली!” तसा आवाज मी ८६ सालच्या गाडीलाही ऐकला नव्हता. शेजारच्या काकू रडायलाच लागल्या. फ्रीजमध्ये काही उरलं नव्हतं, टीव्हीवर बातम्या वाईटच होत्या, पण पंखा फिरत होता आणि सगळी माणसं खाली बसून नुसती त्याच्याकडे बघत होती.

एवढी सगळी मुलूखगिरी करूनही ह्या शब्दाला आमच्या पेणमध्ये एका दारावर अजून अडवतात. गेल्या श्रावणात मुलाला घेऊन गणपतीच्या कारखान्यात गेलो होतो. मूर्ती ओळीने मांडलेल्या, आणि एक कारागीर मांडी घालून डोळ्यांची आखणी करत होता. बारीक कुंचला, श्वास रोखलेला, एका दमात पापणीची कड. मुलगा हरखून ओरडला, “बाबा, कसली भारी लाइन मारली!” कारागिराने मान वर केली नाही.

“लाइन नाय बाला, आखणी. लाइन मारतात ती तिकडं, स्टँडवर,” तो म्हणाला आणि कुंचला रंगात बुडवून दुसऱ्या डोळ्याकडे वळला.